बाईसाहेबांची शुगर किती?

…नाही, पण मला एक सांगा, चपातीनं कुणाचं काय घोडं मारलंय? ताट समोर आलंय, झाकण उघडलंय, दुधीच्या भाजीतून वाफ निघतेय, माणूस हात धुऊन बसलाय, पहिला घास मोडलाय… आणि सिस्टर येते आणि ताटावर परत झाकण ठेवते! का? तर म्हणे, "काका, थोडी वार बेसो. सिस्टिममां नथी बतावतुं." सिस्टिममध्ये दिसत नाही! अहो, डोळ्यांना दिसतेय ना? नाकाला कळतेय ना? वॉर्डातल्या सगळ्या खाटांना कळलंय की दुधी आहे, मग त्या सिस्टिमलाच का कळू नये?

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, ताट कुणाचं? माझं नाही हो. माझं ताट केव्हाच संपलेलं. मी आपला स्टुलावर चढून पंख्यावरची जळमटं काढायला गेलो आणि मांडीचं हाड मोडून घेतलं, त्यामुळे पाय वर टांगलेला, मान तेवढी मोकळी. हे ताट शेजारच्या खाटेवरचं. उदयसिंहराव शिर्क्यांचं. दांडिया बाजारातले शिर्के. आजोबा-पणजोबा संस्थानच्या घोडदळात, आणि ह्यांनी घोड्याच्या जागी मोटार आणली, शिर्के ड्रायव्हिंग स्कूल काढलं. अर्ध्या बडोद्याला ह्या माणसानं गाडी शिकवलीय! रावपुऱ्याच्या गर्दीत कुठली गाडी जरा नीट चालताना दिसली की समजायचं, शिर्क्यांचा विद्यार्थी. मिश्या अशा, आवाज असा… "क्लच! अरे क्लच दाब, तो काय शोभेला दिलाय?" वॉर्डबॉयनं व्हीलचेअर वाकडी वळवली तरी हे खाटेवरून ओरडणार, "आरसा बघ आरसा!" व्हीलचेअरला आरसा कुठला?

आणि अशा माणसाला अपघात व्हावा, तोही स्कूटरवर! नवरा-बायको दोघं देवदर्शनाला निघालेले, समोरून उलट्या बाजूनं रिक्षा आली, ह्यांनी वाचवायला हँडल वळवलं, आणि दोघं रस्त्यावर. ह्यांच्या नडगीचं हाड मोडून बाहेर आलं, आणि इंदिराबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, खुबा मोडला. एकाच हॉस्पिटलात दोघं. पण पुरुषांचा वॉर्ड खाली, बायकांचा वर. ह्यांना खाटेवरून उतरता येत नाही, त्यांना हलता येत नाही. मध्ये फक्त एक छत! आता सांगा, संसार चाळीस वर्षांचा असो की पन्नास, एका छताखाली राहिलेली माणसं, आणि ते छतच मध्ये आलं…

बरं, दोघांनाही डायबिटीस. आणि ह्या हॉस्पिटलात डायबिटीसवाल्यांचा सगळा कारभार कंप्युटरवर. पूर्वी कसं, डॉक्टर कागदावर काहीतरी खरडायचे, ते सिस्टरनं आठ वाचायचं की तीन वाचायचं तिच्या नशिबावर. आता चाकांचं टेबल, त्यावर कंप्युटर, आणि ते ढकलत आमची जागृतीबेन सिस्टर येणार. "केम छो काका? आंगळी आपो." बोट द्यायचं. टोच. रक्ताचा थेंब. आकडा कंप्युटरात. मनगटाला पट्टा असतो, तो त्या मशीनला दाखवायचा… टीप! मग कंप्युटर हिशेब करणार, एवढी शुगर, एवढं वजन, एवढं जेवण, तर इन्सुलिन एवढं. मग डॉक्टर मयंक जिथं कुठं असतील तिथून हो म्हणणार. मग सुई. मग चपाती! ह्यातली एक जरी कडी निसटली की बसा झाकलेल्या ताटाकडे बघत. सिस्टिममां नथी बतावतुं!

नाही, मशीन वाईट होतं असं मी म्हणणार नाही. एकदा डॉक्टर मयंकनं थकून भागून येऊन एक शून्य जास्त दाबलं. आठच्या जागी ऐंशी! तर तो पडदा लालभडक झाला आणि असा कोकलला की ते स्वतःच दचकले. "सॉरी सॉरी, अच्छा हुआ…" कागद असता तर कागद कोकलला असता का? गुपचूप ऐंशी गेलं असतं आत, आणि माणूसही गेला असता. तेव्हा शिर्केच म्हणाले, "मास्तर, गाडी चांगली आहे हो. चालवणाऱ्याचा हात अजून बसायचाय."

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पहिल्याच सकाळी काय झालं, जागृतीबेननं ह्यांचा आकडा सांगितला, एकशे साठ की काय, आणि टेबल ढकलून निघाली, तर शिर्क्यांनी हाक मारली. आणि हा माणूस, बरं का, व्हीलचेअरवर ओरडणारा, त्याचा आवाज एकदम खाली! "सिस्टर, जरा… आमच्या बाईसाहेबांची शुगर किती?"

"कोण बाईसाहेब?"

"वरती आहेत. इंदिराबाई शिर्के. तुमच्या ह्या डब्यात दिसतील ना?"

दुसऱ्या पेशंटचं असं सांगायचं नसतं. जागृतीबेननं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, दोन बटणं दाबली आणि म्हणाली, "बसो दस. दोनशे दहा."

तर शिर्क्यांचा चेहरा असा फुलला! "हरल्या! परत हरल्या!" म्हटलं, अहो काय हरल्या? तेव्हा कळलं. ह्यांच्या घरी वर्षानुवर्षं एक पद्धत. सकाळी उठायचं, आधी दोघांनी बोट टोचायचं, दोघांनी आकडे सांगायचे, ज्याची शुगर जास्त त्यानं चहा करायचा. लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात, हे आकडे घेतात! आणि बाईसाहेबांची कायम जास्त. कायम! त्यांना भात सुटत नव्हता. त्यामुळे शिर्क्यांनी घरात कधी चहा केलाच नाही. मी म्हटलं, फसवलंत की हो त्यांना! तर म्हणाले, "मास्तर, ती एकदासुद्धा तक्रार करत नाही. आकडा कितीही येऊ दे, 'बरं' म्हणते आणि आधण ठेवते."

झालं, तेव्हापासून रोजचा नेम सुरू. जागृतीबेन आधी वरच्या वॉर्डात जायची, मग खाली यायची, आणि आकड्याबरोबर निरोप आणायची. बिचारी गुजराती बाई, पण दांडिया बाजारातल्या पेशंटांमुळे मराठी पक्कं, आणि नक्कल तर अशी करायची! पदर सावरल्यासारखा हात करून, "त्यांना म्हणावं, एकशे नव्वद आहे. तोंड वाकडं करू नका. आणि खालच्या वॉर्डात ओरडू नका, इथवर ऐकू येतं." अहो, इथवर ऐकू येतं! आणि बाईंना तर ऐकू कमी! कानातलं मशीन अपघातात रस्त्यावर पडून कुणाच्या तरी चाकाखाली गेलं होतं, म्हणून तर फोनवर बोलता येईना. मुलीनं, राजेश्वरीनं, एकदा फोनवरून चेहरा दाखवायचा प्रयत्न केला. ती पादऱ्याला, म्हणजे बडोद्याजवळच्या पादरा गावी, शाळेत शिकवते, शाळा सुटली की बसनं इकडे, आधी वर, मग खाली. तर त्या फोनमध्ये शिर्क्यांना दिसलं काय? छताचा पंखा! बाईसाहेब फोन उलटा धरून बसलेल्या. शिर्के पंख्याकडे बघून म्हणतात, "बऱ्या दिसताय." तेव्हापासून फोन बंद, आकडे चालू.

मी त्या बाईंना कधी पाहिलं नाही. एकदाही नाही. पण तुम्हाला सांगतो, दोनशे दहा म्हटलं की मला वाटायचं, काल भात खाल्लेला दिसतो, आणि एकशे सत्तर म्हटलं की वाटायचं, आज जरा जेवण गेलेलं दिसत नाही, दुखत असेल. आकड्यानं माणूस ओळखीचा होतो का हो? झाला होता.

बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं. काठी धरून उभं केलं सुद्धा. ह्यांच्या पायाचं मात्र दुसरं ऑपरेशन बाकी होतं. जखम मोठी, तिच्यावर कातडी लावायची, आणि भूल देणारे डॉक्टर म्हणत होते, शुगर हिरव्या पट्ट्यात आल्याशिवाय हात लावणार नाही. त्या कंप्युटरवर तीन पट्टे असतात, लाल, पिवळा, हिरवा. शिर्के म्हणायचे, "सिग्नल सुटला की निघू."

आणि एके दिवशी सकाळी जागृतीबेन आली. "आंगळी आपो." टोच. "एकसो चालीस. सरस." हिरवा! शिर्के खूश. "आणि बाईसाहेबांची?" तिनं बटणं दाबली. परत दाबली. त्या दिवशी ती वर न जाता सरळ खालीच आली होती. पडद्याकडे बघत सहज म्हणाली, "काका… सिस्टिममां नथी बतावतुं."

आणि शिर्के हसले हो. मोठ्यानं हसले. "घ्या! चपातीची गत तीच आमच्या बाईसाहेबांची! अहो, नीट बघा, वरच असतील, जाणार कुठं?"

जागृतीबेन म्हणाली, थांबा, वर जाऊन विचारते. गेली. ती परत आली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. टेबलाचा दांडा तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. "वरचं मशीन बंद छे, काका. आज शुगर नाही घेतली."

"बरं," शिर्के म्हणाले.

पहाटे गेल्या होत्या बाई. पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली, काही कळायच्या आत. काय असतं बघा, माणूस गेलं की सिस्टिममधल्या त्याच्या सगळ्या ऑर्डरी आपोआप बंद होतात. जेवणाची बंद, इन्सुलिनची बंद, शुगरची बंद. मुलीला फोन लागायच्या आधी त्या डब्याला कळलेलं असतं!

दुपारी राजेश्वरी आली. माझ्या खाटेपलीकडं, पडद्याआड, डॉक्टर मयंक तिला हळूच सांगत होते, "देखिए, अभी अंकल को मत बताइए. शुगर अभी अभी कंट्रोल में आई है. स्ट्रेस से ऊपर गई तो ऑपरेशन टल जाएगा, और ज़ख्म बिगड़ा तो पैर…" आणि राजेश्वरी म्हणाली, "स्कूटर आबा चालवत होते, डॉक्टर." एवढंच. मग पडद्यातून डोकं काढून मला हात जोडले. "मास्तरकाका, तुम्ही पण…" आता मी काय बोलणार? आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला मी. नद्या, पर्वत, खनिजं. नाटकात काम कधी केलं नाही. आणि ह्या वयात, एक पाय वर बांधलेला असताना, मला पार्ट दिला!

ती वडिलांच्या खाटेशी येऊन बसली. शिर्के तिच्याकडे बघतच राहिले. "राजू, केस ओले कसे?"

"न्हायले, आबा. शाळेला सुट्टी होती."

"दुपारी?"

"हो. उकडत होतं."

"बरं," म्हणाले.

अहो, खासवाडीच्या स्मशानातून आली होती ती पोरगी! स्वतः आईला अग्नी देऊन, अंघोळ करून, केस वाळवायलाही न थांबता बापाला चपातीचे तुकडे करून भरवायला आली होती! आणि मी? मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो. नंतर लक्षात आलं, उलटं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागृतीबेन तयारी करून आली होती. राजेश्वरीनंच तिला सांगून ठेवलेलं, काहीतरी आकडा सांगा. बोट टोचलं, ह्यांचा आकडा सांगितला. शिर्के काहीच विचारेनात. ती टेबल धरून उभी. शेवटी तीच म्हणाली, "ने बाईसाहेबनी… एकसो वीस, काका. बहु सरस!"

"किती?"

"एकसो वीस."

शिर्के म्हणाले, "छान. छान आहे." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बऱ्याच वेळानं, जागृतीबेन पार पलीकडच्या टोकाला गेल्यावर, भिंतीकडंच बघत म्हणाले, "मास्तर, झोपलात का?"

म्हटलं, नाही.

"ह्या बाईची सकाळची शुगर… कधी एकशे वीस आलेली नाही. उपास करून नाही, तापात नाही, राजूच्या वेळी नाही. कधीच नाही हो." आणि मग तसंच, न वळता, "गेली ना?"

मी काय सांगणार! माझ्या तोंडून शब्द फुटेना. आणि न फुटणं म्हणजे सांगणंच की! ते वळले. डोळे कोरडे. म्हणाले, "राजूला कळू देऊ नका, मला कळलंय म्हणून. आईचं सगळं तिनं एकटीनं उरकलं असेल. आता बापाला सांगायचं राहिलंय ह्याचीच तिला भीती आहे. तेवढं तरी तिचं लांबू दे."

घ्या! म्हणजे मुलगी बापापासून लपवतेय, बाप मुलीपासून लपवतोय, जागृतीबेन दोघांसाठी खोटं बोलतेय, डॉक्टर मयंक जागृतीबेनला शाबासकी देतायत, आणि मध्ये मी! दोन्ही बाजूंची गुपितं एकाच माणसाजवळ, आणि तो माणूस पळून जायचा तर पाय वर टांगलेला! मला सांगा, कुठं जाऊ?

आणि मग रोज सकाळी तो खेळ. जागृतीबेन जरा शहाणी झाली, आकडे वाढवून सांगायला लागली. "बाईसाहेबनी एकसो नेवुं, काका. एकशे नव्वद." तर शिर्के मुद्दाम कपाळाला आठ्या घालून, "भात खाल्ला असणार! म्हणावं, भात कमी करा." आणि जागृतीबेन "कहीश, काका, सांगते" म्हणून जी टेबल ढकलत जायची, ती औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहायची. दिसायचं मला. मान मोकळी होती ना.

आणि सगळ्यात वाईट काय, शिर्के एकदासुद्धा म्हणाले नाहीत की राजू, फोनवर आईला दाखव. पंखा तरी दाखव! राजेश्वरीच्या ते लक्षातच आलं नाही. तिला वाटलं, बरं झालं, विचारत नाहीत.

पण शरीराला नाटक कुठं कळतं? शिर्क्यांची शुगर निघाली वर. हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून लाल. जेवण तेच, इन्सुलिन तेच. डॉक्टर मयंक कंप्युटरसमोर डोकं खाजवत उभे. तो कंप्युटर त्यांना विचारतोय, शुगर का वाढली, कारण निवडा. खाली यादी. जेवणात बदल? नाही. इंजेक्शन चुकलं? नाही. जंतुसंसर्ग? तपासला, नाही. नवीन औषध? नाही. शेवटी एकच उरलं, "अन्य". दाबलं बिचाऱ्यांनी "अन्य". कंप्युटरनं मान्य केलं आणि इन्सुलिन वाढवून दिलं. मी खाटेवरून बघत होतो. अख्खा संसार मावला हो त्या "अन्य"मध्ये!

आता इन्सुलिन वाढलं म्हणजे जेवण नीट पोटात जायला हवं, नाहीतर शुगर धाडकन खाली येते. म्हणून तर सिस्टिम दर जेवणानंतर विचारते, पेशंट किती जेवला? पूर्ण, अर्धं, काहीच नाही? अर्धं म्हटलं की पुढचा डोस कापते. शहाणं मशीन आहे. पण ते विचारतं कुणाला? जागृतीबेनला. जागृतीबेन बघते कशाकडे? रिकाम्या ताटाकडे. आणि शिर्के हल्ली जेवताना पडदा ओढून घ्यायला सांगायचे. मला वाटलं, एकटं बसून रडायचं असेल, रडू दे. ताट रिकामं बाहेर यायचं. "काका पूरुं जम्या!" टीप! पूर्ण जेवले.

नंतर कळलं, चपात्या खाटेशेजारच्या खणात होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळून. घशाखाली उतरत नव्हत्या, आणि नाही जेवलो म्हटलं तर राजू विचारणार, का नाही जेवलात आबा… म्हणून.

एका दुपारी राजेश्वरी शाळेतून लवकर आली. पडदा बाजूला केला आणि ओरडली, "आबा!" घामानं सदरा चिंब, हात थरथरतायत, डोळे उघडे पण ओळख नाही. आणि बोलतायत, मोठ्यानं, त्यांच्या त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या आवाजात. "क्लच! क्लच दाब! समोरून रिक्षा येतेय… इंदू, घट्ट धर… घट्ट धर गं…" सगळा वॉर्ड उठून बसलेला. जागृतीबेन टेबल घेऊन धावली, बोट टोचलं, कंप्युटरचा पडदा लाल, कोकलायला लागला. आणि त्या वेळी त्या मशीननं कुणाची परवानगी मागितली नाही, कुणाला थांबा म्हटलं नाही. आधी साखर द्या, लिहायचं मग! असंच लिहिलं होतं त्याच्यावर. जागृतीबेन शिरेतून साखरेचं पाणी सोडतेय, राजेश्वरी बापाचं डोकं मांडीवर घेऊन "आबा, आबा" करतेय, आणि शिर्क्यांनी एकदम तिच्याकडे मान वळवली, आणि अगदी साध्या आवाजात, दारात उभं राहून चौकशी करावी तसं विचारलं,

"राजू, आईला अग्नी कुणी दिला गं?"

मशीनचा टीप टीप चालू.

राजेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिला कळलं. सगळं कळलं तिला, की किती दिवस बापाला माहीत आहे, आणि कोणासाठी गप्प आहे.

साखरेचा गुण म्हणजे बघा, माणूस मिनिटांत परत येतो. घाम थांबला, डोळ्यांत ओळख आली. "राजू? तू कधी आलीस? लवकर सुटली शाळा?" काय बोललो ते त्यांना काही आठवत नव्हतं. काहीच नाही! तिला गप्प बसता आलं असतं. "हो आबा, लवकर सुटली" म्हणून पुढं नाटक चालू ठेवता आलं असतं. मी तर मनात म्हणत होतो, गप्प बस, पोरी, ऑपरेशन होऊन जाऊ दे.

तिनं त्यांच्या कपाळावरचा घाम ओढणीनं पुसला आणि म्हणाली, "मी दिला, आबा."

"काय दिलास?"

"अग्नी."

शिर्के हळूच म्हणाले, "मी विचारलं का?"

"हो."

"बरं." मग, "घाबरलीस का?"

"खूप." आणि मग ती जी रडली! इतके दिवस पादऱ्याच्या बसमध्ये, जिन्यात, बाथरूममध्ये रडून येत होती, ती बापाच्या छातीवर डोकं ठेवून, सगळ्या वॉर्डादेखत. आणि ते तिच्या पाठीवर थोपटत, त्यांचेही डोळे आता वाहायला लागलेले, "मी आरसा बघायला हवा होता गं… बघायला हवा होता…" आणि ती "नाही आबा, रिक्षा उलटी आली, उलटी आली रिक्षा…" आणि जागृतीबेन सलाईनची बाटली धरून उभी, ती रडतेय. मी काय करणार? माझा तर रुमालही उशीखाली, आणि हात पोचत नाही!

जरा शांत झाल्यावर शिर्के म्हणाले, "आता एक कर. ह्या सिस्टरला उद्यापासून खोटे आकडे सांगायला लावू नकोस. चांगली बाई आहे. जमत नाही तिला."

मग जेवले. वरणभात, अर्धी वाटी. राजेश्वरीनं पडदा ओढू दिला नाही. जागृतीबेननं कंप्युटरवर खरं लिहिलं, "अर्धं". तेवढंच इन्सुलिन आलं. पुढं आठवड्याभरात पट्टा हिरवा झाला, पायावर कातडी लागली, आणि राजेश्वरी त्यांना पादऱ्याला घेऊन गेली. जाताना दांडिया बाजारावरून गाडी नेऊ का विचारलं, तर नको म्हणाले. सरळ चल.

त्यांच्या पाठोपाठ मीही सुटलो. घरी आलो. म्हटलं, संपलं एकदाचं. तर तिसऱ्या की चौथ्या सकाळी फोन. मी चहाचा पहिला घोट घेतोय, आणि तिकडून तो आवाज, "मास्तर! एकशे बेचाळीस! तुमची?"

म्हटलं, अहो रावसाहेब, मला कुठं डायबिटीस आहे?

तिकडून, "हां… हां, खरंच की." आणि फोन ठेवला. इतका हळू ठेवला हो! आपटला असता तर बरं वाटलं असतं. दिवसभर मला घास गोड लागला नाही. संध्याकाळी मीच फोन केला, म्हटलं, राजेश्वरीला सांगता की नाही आकडा? तर म्हणाले, "तिला सांगितला की ती लगेच काळजी करते. जास्त आली की डॉक्टर, कमी आली की साखर. आकडा ऐकून नुसतं 'बरं' म्हणणारं माणूस पाहिजे हो."

दुसऱ्या दिवशी फोन आला, "एकशे पन्नास! तुमची?" मी ठोकून दिलं, "नव्वद!"

"मास्तर," म्हणाले, "खोटं बोलू नका."

कसं कळलं? मला काय ठाऊक! गेलो मग रावपुऱ्यातल्या दुकानात आणि मशीन आणलं. रोज सकाळी चहाच्या आधी बोट टोचतो. आमची सरोजिनी चिडते, म्हणते, "अहो, डायबिटीस नाही, काही नाही, चांगल्या बोटांची चाळण कशाला करून घेताय?" तिला काय सांगू? म्हटलं, दहा आहेत, पुरवून पुरवून वापरतो.